नुसती मारामारी करून मिळतं काय?

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तीनेकशे पत्ते पसरून बसले होते आणि नेमका तेव्हाच बाबांचा व्हिडिओ कॉल आला. नाशिकला चहाची वेळ, म्हणजे ते कपबशी घेऊनच बसलेले. मी फोन बाटलीला टेकवून ठेवला आणि हातातलं काम चालूच ठेवलं, तर म्हणाले, "काय गं, एवढे कसले पत्ते?" म्हटलं व्हॅम्पायरचे. "म्हणजे रक्तपिपासू? ते दात वगैरे?" हो बाबा, तेच. "मग काय करतात ते?" मी म्हटलं, माझे मारामारी करतात. त्यावर चहाचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, "बरं, मारामारी केली. मग जिंकायचं कसं?"

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि विषय बदलला, कारण खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तरच नव्हतं. तीन महिने मी तो डेक (स्वतः निवडून जमवलेला पत्त्यांचा संच) घेऊन हिंडत होते आणि तीन महिन्यात माझे व्हिक्टरी पॉइंट झाले होते शून्य.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल, सगळे व्हीटीईएस म्हणतात. मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या गेमवाल्या रिचर्ड गारफील्डनेच बनवलाय, १९९४ साली आला तेव्हा नाव होतं जिहाद, स्पेलिंग वेगळं पण उच्चार तोच, ते पुढच्याच वर्षी बदललं. २०१० मधे कंपनीने छापणं बंद केलं, तरी लोक खेळतच राहिले, मधल्या काळात चाहत्यांच्या संघटनेने स्वतःच नवीन कार्डांच्या पीडीएफ काढल्या, आणि २०१८ पासून ब्लॅक चॅन्ट्री नावाची मंडळी परत छापतायत. मी बुडापेस्टला कामासाठी आले तेव्हा ऑफिसातल्या एकाने "फक्त एकदा येऊन बघ" म्हणून नेलं. मग काय, तेव्हापासून महिन्यातले दोन गुरुवार सहा नंबरच्या ट्रॅमने रात्री उशिरा घरी. (ती ट्रॅम रात्रभर असते, तेच माझं दुर्दैव.)

बाकीच्या पत्त्यांच्या गेममधे समोरासमोर दोघं असतात, इथे चार-पाच जण गोल बसतात आणि गंमत अशी की तुम्ही सगळ्यांवर हल्ला करायचाच नसतो. तुमच्या डावीकडे बसलेला तो तुमचा प्रे, उजवीकडचा तो तुमचा प्रेडेटर. तुम्ही डावीकडच्याला संपवायचं, उजवीकडचा तुम्हाला संपवणार. प्रत्येकाकडे सुरुवातीला ३० पूल, आणि हा पूल म्हणजे तुमचा जीव पण आणि पैसे पण. व्हॅम्पायर बाहेर आणायचे यातूनच, बंदूक घ्यायची यातूनच, आणि कोणी ब्लीड केलं, म्हणजे थेट पुलावर हल्ला केला, की जाणारा पण हाच. प्रे संपला की एक पॉइंट आणि वर सहा पूल बक्षीस. मेंढीकोट खेळून मोठी झालेली मी, मला हे डोक्यात बसायला दोन महिने लागले.

तर माझा पहिला डेक. ब्रूहा क्लॅन, म्हणजे व्हॅम्पायरांचं एक घराणं, कारण जॅकेट घातलेले चिडके लोक दिसले आणि मला आवडले, एवढंच कारण. (पहिल्या दिवशी सगळ्यांनी मला विचारलं की तू इंडियन आहेस तर राव्हनोस का नाही खेळत, कारण गोष्टीत त्या क्लॅनचं मूळ भारतात दाखवलंय आणि १९९९ मधे त्यांचा मूळपुरुष जागा होऊन बांगलादेशात प्रलय करतो असं काहीसं आहे. मी म्हटलं आमच्याकडे वेताळ आहे, तो असल्या फंदात पडत नाही, झाडाला लटकून कोडी घालतो.) ब्रूहांकडे सेलेरिटी म्हणजे वेग आणि पोटेन्स म्हणजे ताकद. मी दिसेल ते मारामारीचं कार्ड कोंबलं. एका कार्डाच्या कितीही कॉपी चालतात या गेममधे, चारची वगैरे मर्यादा नाही, त्यामुळे हात सैल सुटला. बंदुका घेतल्या, पॉइंट ४४ मॅग्नम, आणि इम्मॉर्टल ग्रॅपल पण घेतलं दहा.

आता जे खेळतात ते इथेच हसले असतील. ग्रॅपल म्हणजे तुम्ही समोरच्याला कवेत धरता, मग त्या राउंडमधे फक्त हातानेच मारता येतं. फक्त हातानेच. दोघांनाही. म्हणजे मी दोन पूल घालून मॅग्नम घेतली, आणि मग समोरच्याला मिठी मारून स्वतःचीच बंदूक खिशात कोंबून ठेवली. वर बंदुकीची मजा लांबून मारण्यात, ग्रॅपल लागतं एकदम जवळून, म्हणजे अर्धी कार्डं मला पुढे ओढतायत अर्धी मागे. हे मला तीन गेम होईपर्यंत कळलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही, सगळे सभ्यपणे बघत राहिले.

एक गेम तर अजून आठवतो. तीन व्हॅम्पायर बाहेर काढले, सात, सहा आणि पाच, म्हणजे अठरा पूल गेले. दोन मॅग्नम घेतल्या, आणखी चार. राहिले आठ. मी खुशीत, माझ्याकडे टेबलावरची सगळ्यात खतरनाक टोळी. आणि उजवीकडे एक शांत माणूस बसला होता माल्केव्हियन क्लॅन घेऊन, त्याने एकदाही कोणाला हात लावला नाही, लपतछपत एक ब्लीड चारचं, पुढच्या फेरीत दुसरं चारचं. झालं. माझे तिन्ही गुंड बंदुका घेऊन उभे आणि मी आउट. मी त्याला काही मारायला गेलेच नव्हते ना, कारण मला वाटत होतं की मी डावीकडे बघायचं. डावीकडे बघत होते तिथेही टोरेडोर क्लॅनवाले होते आणि त्यांच्याकडे मॅजेस्टी, म्हणजे मी मारायला गेले की ते एक कार्ड टाकतात आणि कॉम्बॅट संपलं. नुसतं संपलं. वर त्यांचा व्हॅम्पायर ताजातवाना होऊन उभा.

म्हणून बाबांचा प्रश्न टोचला. फोन ठेवल्यावर मी सगळे पत्ते गोळा केले आणि एका कागदावर लिहिलं: व्हॅम्पायर पाडला. पुढे?

आणि इथे खरा घोळ आहे जो कॉम्बॅट डेक बनवणारा प्रत्येक नवखा करतो. समोरच्याचा व्हॅम्पायर पाडला तर तो टॉरपरमधे जातो, म्हणजे निपचित पडतो, पण समोरच्याचा पूल एकानेही कमी होत नाही. तुम्ही त्याचे सगळे हातपाय तोडलेत, पण तो माणूस जिवंतच आहे, वीस पूल घेऊन बसलाय. मग तुम्ही साधं ब्लीड करणार, प्रत्येक व्हॅम्पायरचं एक, दोन व्हॅम्पायर म्हणजे फेरीला दोन. वीस भागिले दोन, दहा फेऱ्या. पाच जणांच्या टेबलावर दहा फेऱ्या म्हणजे तेवढ्या वेळात पुरणपोळ्या करून होतील, आणि टूर्नामेंटमधे राउंड दोन तासांचा असतो. शिवाय तुम्ही तुमच्या प्रेला लोळवलं की त्याचा प्रे एकदम मोकळा, त्याच्या मागे आता कोणीच नाही, तो आरामात पुष्ट होतो, आणि नंतर तोच तुमचा प्रे होणार असतो. म्हणजे मार मी खायचा, लोणी त्याने.

तेव्हा नवीन डेक बनवताना मी उलटीकडून सुरुवात केली. आधी पूल खाणारी कार्डं, मग मारामारी. फेम आधी घेतलं. हे कार्ड समोरच्याच्या व्हॅम्पायरवर लावायचं, तो प्रसिद्ध झाला, आणि मग तो टॉरपरमधे गेला की त्याच्या मालकाचे तीन पूल जातात. एका फटक्यात तीन! ड्रॅगनबाउंड घेतलं, त्याने पडलेल्या व्हॅम्पायरपायी मालकाचा पूल झिजत राहतो. आणि मग मला सापडले उंदीर. आर्मी ऑफ रॅट्स, ॲनिमलिझमचं म्हणजे प्राण्यांवर हुकूम चालवण्याच्या शक्तीचं कार्ड, एकदा टेबलावर आलं की दर फेरीला प्रेचा एक पूल कुरतडतं. त्याला घालवायचं तर समोरच्याच्या कोणत्यातरी व्हॅम्पायरने उठून ॲक्शन करावी लागते, आणि सगळे पडलेले असतील तर उठणार कोण?

उंदरांमुळे क्लॅन ठरला. नॉस्फेराटू. गटारात राहणारे, दिसायला भयाण, ॲनिमलिझम आणि पोटेन्स दोन्ही आहे. माझे जॅकेटवाले देखणे लोक कपाटात गेले.

क्रिप्टबद्दल, म्हणजे व्हॅम्पायरांच्या वेगळ्या गठ्ठ्याबद्दल, एक गोष्ट सांगते कारण मला हे गणित फार आवडलं. क्रिप्टमधे कमीत कमी १२ व्हॅम्पायर, त्यातले ४ सुरुवातीला हाती लागतात. तुमचा सगळा डेक एका व्हॅम्पायरवर उभा असेल तर त्याच्या किती कॉपी ठेवायच्या? तीन ठेवल्या तर पहिल्या चारात तो यायची शक्यता साधारण ७५ टक्के. चार ठेवल्या तर ८६. पाच ठेवल्या तर ९३. म्हणजे तीनवरून चारवर जाणं फायद्याचं, चारवरून पाचवर जाण्यात तेवढी मजा नाही, कारण एकदा तो बाहेर आला की उरलेल्या कॉपी नुसत्या जागा अडवून बसतात. मी चार ठेवल्या. बीस्ट म्हणून एक आहे डेट्रॉइटचा, त्याला कोणावर धावून जायला वेगळं कार्डच लागत नाही, स्वभावच तसा आहे. असा माणूस डेकमधे असला की रशची, म्हणजे धावून जाण्याची, पाच-सहा कार्डं वाचतात आणि ती जागा दुसऱ्या कशाला तरी मिळते.

लायब्ररी, म्हणजे बाकीच्या पत्त्यांचा गठ्ठा, ६० ते ९० कार्डांची. मी ८० वर थांबले. आता इथे लोक दोन प्रकारचे आहेत, काही म्हणतात ६० ठेवा म्हणजे हवं ते पटकन येईल, पण कॉम्बॅट डेकला ते चालत नाही असं माझं मत झालंय, कारण या गेममधे हातात कायम ७ पत्ते, एक टाकलं की लगेच एक उचलायचं, आणि एका मारामारीत चार-पाच पत्ते सहज उडतात. साठ कार्डं तासाभरात संपतात आणि मग तुम्ही कोरड्या हाताने बसता.

खरं दुखणं मात्र वेगळं आहे. मारामारीची कार्डं एकेकटी येऊन उपयोगाची नसतात. हातात सात पत्ते, सातही ग्रॅपल आणि साइनपोस्ट (ठोसा जड करणारं कार्ड), पण धावून जायला रश नाही, म्हणजे सात पत्ते हातात धरून बसा. उलट सगळे रशच आले तर जाऊन काय करणार, चापट मारणार? फेरीच्या शेवटी एकच पत्ता बदलता येतो. मी कागदावर लिहिलं की दर मारामारीला एक रश, एक साइनपोस्ट किंवा कावळे (कॅरियन क्रोज नावाचं कार्ड), दोन ग्रॅपल, एक टेस्ट ऑफ विटे, म्हणजे समोरच्याने गमावलेलं रक्त आपल्या अंगात घेणारं कार्ड. (विटे, वाइटी, विताय, आमच्या टेबलावर पाच जण पाच प्रकारे म्हणतात आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं.) या हिशोबात डेक बसवला. रशसाठी बम्स रश आणि डीप साँग.

दोन ग्रॅपल का, ते मला मार खाऊन कळलं. ग्रॅपल फक्त त्या राउंडपुरतं असतं. पोटेन्स चांगलं असेल तर त्याच्यासोबत प्रेस मिळतो, म्हणजे दुसरा राउंड होतो आणि तोही जवळूनच, पण त्या दुसऱ्या राउंडला समोरचा पुन्हा मोकळा, तो खुशाल मॅजेस्टी टाकून निघून जातो. म्हणून पहिलं ग्रॅपल टाकताना दुसरं हातात हवंच.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला एका टक्कल पडलेल्या जुन्या खेळाडूने बिअर पिता पिता सांगितली. मी त्याला विचारत होते की नख्यांचे डेक चांगले ना, ॲग्रव्हेटेड डॅमेज, म्हणजे रक्त खर्चून भरता न येणारी जखम, एका फटक्यात टॉरपर. तो म्हणाला, हो, पण बघ, नखीने पाडलेला व्हॅम्पायर पडतो तेव्हा त्याच्या अंगात रक्त शिल्लक असतं. टॉरपरमधून उठायला दोन रक्त लागतं, ते त्याच्याकडे आहे, तो पुढच्या फेरीत स्वतःच उठून येतो. साध्या ठोशांनी पाडलेला मात्र जखमा भरता भरता आधी सगळं रक्त संपवतो आणि मग पडतो. रिकामा. त्याला स्वतःहून उठताच येत नाही, दुसऱ्या कोणीतरी येऊन उचलायला हवं. आणि दुसराही पाडलेला असेल तर? मी तेव्हा बिअर खाली ठेवली. नख्या दिसायला भारी, पण माझ्या कामाचे हे साधे बुक्के. इतके दिवस मी ॲग्रव्हेटेड शब्दाला भुलून होते.

डेकचा निम्मा भाग मला जुन्या पत्त्यांच्या एका खोक्यात मिळाला, त्यातले काही तर १९९४ चे, मागे जिहाद लिहिलेलं. नवीन पत्त्यांची पाठ वेगळी, त्यामुळे सगळ्याला आरपार न दिसणाऱ्या स्लीव्ह घालाव्या लागल्या, नाहीतर पाठ बघूनच कळेल पुढचं कार्ड कोणतं. ऐंशी अधिक बारा, ब्याण्णव स्लीव्ह, रात्री साडेबारापर्यंत तेच करत बसले होते. मटार सोलल्यासारखं काम आहे, डोकं शांत होतं.

मग गेल्या महिन्यात एक छोटी टूर्नामेंट होती. पाच जणांचं टेबल, उजवीकडे परत माल्केव्हियन (तोच शांत माणूस!), डावीकडे परत टोरेडोर. मला हसूच आलं.

यावेळी पहिला रश मी मागे केला. उजवीकडे. हे मला पूर्वी सुचलंच नसतं. माल्केव्हियनचा एक व्हॅम्पायर पाडला, फक्त एक, जास्त नाही, कारण त्याला संपवून मला काहीच मिळणार नव्हतं, वर माझ्या प्रेडेटरचा प्रेडेटर आयता त्याला गिळून आणखी मोठा होऊन माझ्या मागे येऊन बसला असता. एक पाडला की तो चार फेऱ्या गप्प. "सॉरी हां" म्हटलं, तो म्हणाला, "नो, नो, व्हेरी करेक्ट." या लोकांची ही गोष्ट मला आवडते.

मग डावीकडे. टोरेडोरचा मोठा व्हॅम्पायर होता, अंगात पाच रक्त, त्याच्यावर मी आधीच्या फेरीत फेम लावून ठेवलं होतं. माझी नॉस्फेराटू धावून गेली. रेंज, म्हणजे लांबून लढायचं की जवळून, ठरायच्या आधी मी कॅरियन क्रोज टाकलं, कावळे, दर राउंडला लांबूनही दोन टोचे मारतात, म्हणजे तो पळून लांब गेला असता तरी रिकाम्या हाताने परत यायची वेळ नव्हती. मग साइनपोस्ट, रस्त्यावरचा खांब उपटून घ्यायचा. तो लांब गेला नाही, हातात एक पत्ता धरून छान हसत होता. मी ग्रॅपल टाकलं. हसू गेलं. पत्ता उलटा करून दाखवला त्याने, मॅजेस्टीच होतं.

ठोशाचे आणि कावळ्यांचे मिळून पाच. पाचही रक्त त्याने जखमा भरण्यात घालवलं, शून्यावर आला पण उभा. मी प्रेस केला, आणि राउंड संपताना टेस्ट ऑफ विटेने ते पाच रक्त माझ्या बाईच्या अंगात. दुसरा राउंड. तो परत हातातल्या पत्त्यांकडे बघतोय, तोपर्यंत मी दुसरं ग्रॅपल टेबलावर ठेवलं आणि एकदम हळू ठेवलं, कारण आवाज केला असता तर उद्धटपणा दिसला असता. कावळ्यांनीच संपवलं. टॉरपर, रिकामा, फेमचे तीन पूल गेले. त्याच्याकडे अकरा होते, आठ राहिले.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, सांगण्यासारखं नाही. उंदीर आले, दर फेरीला एक. दोन साधे ब्लीड. त्याचा दुसरा छोटा व्हॅम्पायर मोठ्याला उचलायला निघाला तेव्हा तो पण पाडला. तीन फेऱ्यांत तो संपला, उठला, हात मिळवला आणि म्हणाला की उंदरांनी जास्त त्रास दिला. मला सहा पूल, एक पॉइंट, तीन महिन्यांतला पहिला. मी टेबलाखाली पाय आपटले, वर चेहरा एकदम गंभीर.

पुढचा प्रे म्हणजे बंदुका घेऊन बसलेली भिंत. प्रत्येक गोष्ट अडवणारी, लांबून मारणारी, आणि ग्रॅपल जवळूनच लागतं म्हटल्यावर मी तिच्यापुढे हतबल. मॅन्युव्हरसाठी, म्हणजे अंतर बदलून जवळ जाण्यासाठी, मी डेकमधे जवळजवळ काहीच ठेवलेलं नाही, ते आता पुढचं काम. वेळ संपली तेव्हा आम्ही तिघं उरलो होतो, आणि वेळ संपली की जे उरतात त्यांना अर्धा अर्धा पॉइंट. गेम विनसाठी किमान दोन लागतात, त्यामुळे जिंकले वगैरे नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना फोन केला. म्हटलं, बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, उंदीर. ते म्हणाले, "कसले उंदीर? घरात झालेत?" मग अर्धा तास सगळं समजावलं, कावळे, खांब, मिठी, शेजारच्या माल्केव्हियनला एकच फटका का मारला ते. त्यांनी शांतपणे ऐकलं, मधे आईला हाक मारून "ही बघ काय काय करते तिकडे" असंही म्हणून झालं. शेवटी विचारलं, "बरं मग, पॉइंट किती मिळाले?"

"दीड."

"दीडच का," बाबा म्हणाले, "शहाणी तर तू आधीपासून होतीसच."